हेमलताच्या आवाजातली उत्तरा

उत्तरा शिरगुप्पे गेली तेव्हा ‘धुक्याची नदी’चे सहा भाग मराठीत करायचे राहिले होते.

मालिका जपानी, चित्रांतली. राजारामपुरीतल्या एका स्टुडिओत गेली बारा वर्षं तिला मराठी आवाज दिले जात होते. गोष्ट तशी साधी होती. एक नदी आहे, तिच्यावरचं धुकं कधीच हटत नाही, आणि दोन तरुण बायका तिच्यातून माणसांना पलीकडे नेतात. राइका तापट, उतावळी, आधी उडी मारायची आणि मग पाण्याची खोली विचारायची. शिझुना थंड, मोजकं बोलणारी, वल्ह्यावर कान ठेवून वाट ओळखणारी. दोघींचं एकाही गोष्टीवर एकमत व्हायचं नाही, आणि दोघींपैकी एकीलाही नाव एकटीने नेता यायची नाही.

दिग्दर्शक वडणगेकर पहिल्याच दिवशी म्हणाले होते, “जपानी मंडळींची ही जुनी खुबी आहे. एका माणसाचा स्वभाव दोघांत वाटून टाकायचा. सगळा विस्तव एकीकडे, सगळं पाणी दुसरीकडे. मग त्या किती का भांडेनात, बघणाऱ्याला ठाऊक असतं, यातली एक काढली तर दुसरी नुसती अर्धी राहील. म्हणून मला तुम्ही दोघी एकाच खोलीत हव्यात.”

एरवी डबिंगला प्रत्येक जण एकटा येतो, आपापली वाक्यं म्हणतो आणि जातो. वडणगेकरांनी मात्र दोन माइक समोरासमोर लावले, आवाज वेगवेगळे नोंदवायची सोय केली, आणि हेमलता सरनोबत व उत्तरा शिरगुप्पे बारा वर्षं एकमेकींच्या तोंडाकडे बघत बोलल्या.

गंमत अशी की राइकाचा आरडाओरडा करणारी हेमलता प्रत्यक्षात अतिशय अबोल. चोविसाव्या वर्षी सासर सोडून माहेरी आली, आणि पुढे शाहूपुरीत दोन खोल्यांत एकटी राहायची. शेजारच्या स्नेहलने तिचा आवाज ऐकला तो टीव्हीवर, आणि त्या या आपल्या सरनोबतबाई आहेत हे तिला दोन वर्षांनी कळलं. उलट शांत शिझुनाचा आवाज असलेली उत्तरा स्टुडिओच्या पायऱ्या चढतानाच सुरू व्हायची. बसमधली बाई, दाताचा डॉक्टर, भाजीत मीठ दोनदा पडलं ते, मावसभावाचं बिनसलेलं लग्न. हेमलता ऐकायची आणि मधून “हं” म्हणायची.

“तू हं म्हणतेस ना हेमा,” उत्तरा एकदा म्हणाली होती, “ते मला पुरतं. बाकीचे लोक सल्ले देतात.”

एका मंगळवारी सकाळी केस विंचरता विंचरता उत्तरा खाली बसली. मेंदूत रक्तस्राव झाला होता. दुपारपर्यंत सगळं संपलं. ती एक्कावन्न वर्षांची होती.

महिन्याभराने वडणगेकरांनी हेमलताला बोलावून घेतलं. खोलीत एक तिशीचा माणूस बसला होता. साधा सदरा, पायांत कोल्हापुरी, बोलणं अदबीचं. त्याचं नाव तन्वीर मुजावर. त्याने पुण्यात ध्वनिशास्त्रात डॉक्टरेट केली होती आणि आता मालिका दाखवणाऱ्या वाहिनीसाठी काम करत होता.

“उत्तराचा आवाज तुम्हाला करता येणार नाही,” हेमलता बसायच्या आधीच म्हणाली. तिच्या मानाने हे फार मोठं वाक्य होतं.

ते खरंच होतं. आवाजाचा कायदा येऊन चार वर्षं झाली होती. माणूस जिवंत असो की गेलेला, त्याच्या लेखी परवानगीशिवाय त्याच्या नोंदींवरून कृत्रिम आवाज घडवून प्रसारित करता यायचा नाही. उत्तराने तो फॉर्म भरून ठेवला होता. “मी गेल्यावर माझा आवाज कुठल्या साबणाच्या जाहिरातीत गुणगुणायला नको,” असं म्हणत तिने ‘नाही’वर खूण केली होती, आणि साक्षीदार म्हणून सही हेमलताची होती.

“त्यांच्या नोंदींना आम्ही हातही लावणार नाही,” तन्वीर म्हणाला. “आम्हाला तुमच्या हव्यात. फक्त तुमच्या.”

मग त्याने समजावून सांगितलं. दोन माणसं बोलतात तेव्हा एकाचं संपणं आणि दुसऱ्याचं सुरू होणं यात साधारण सेकंदाचा पाचवा हिस्सा जातो. पण एक वाक्य मनात जुळवून तोंडाशी आणायला त्याहून कितीतरी जास्त वेळ लागतो. म्हणजे समोरचा बोलत असतानाच, तो कुठे थांबणार, कोणत्या सुरात थांबणार, हे आपण आधीच धरून चाललेलो असतो. त्यासाठी प्रत्येकाच्या डोक्यात समोरच्याची एक प्रत असावी लागते. तासाभराच्या ओळखीत ती प्रत कच्ची असते. बारा वर्षांत ती पक्की होते, आणि आपल्या आवाजावर तिचा ठसा उमटतो. आपण कुठे श्वास घेतो, कुठे आवाज चढवतो, कुठे घाई करतो, यातलं बरंचसं समोरच्यामुळे घडलेलं असतं.

“गणपतीचा साचा असतो, तसं,” तो म्हणाला. “साच्यात मूर्ती नसते. पण मूर्तीचा प्रत्येक उंचवटा त्यात खोलगट होऊन बसलेला असतो. उत्तराताईंचा साचा तुमच्या आवाजात आहे, हेमाताई. अकराशे तासांचा.”

“आणि कायदा?”

“कायदा ज्याच्या नोंदी वापरायच्या त्याची परवानगी मागतो. इथे ती तुमची लागेल. बाकी कुणाची नाही.”

सही करते असं हेमलता म्हणाली नाही. ती म्हणाली, “आधी ऐकून बघते.”

पहिल्या दिवशी हेडफोनमधून आला तो कुणाचाच आवाज नव्हता. रेल्वे स्टेशनवर सूचना देणाऱ्या बाईसारखा, स्वच्छ आणि रिकामा. त्या आवाजाने शिझुनाचं वाक्य म्हटलं, हेमलताने राइकाचं म्हटलं. पुन्हा तेच वाक्य, किंचित वेगळ्या सुरात. पुन्हा उत्तर.

“चष्म्याचा नंबर काढतात ना, हे बरं दिसतं की ते, तसंच आहे हे,” काचेपलीकडून तन्वीर म्हणाला. “फक्त काय बरं ते तुम्ही सांगायचं नाही. तुमचं उत्तर जुन्या उत्तरासारखं होईपर्यंत यंत्र आवाज फिरवत राहील.”

तीन दिवस असेच गेले. घसा दुखायला लागला. चौथ्या दिवशी दुपारी तीनच्या सुमाराला, एका अगदी किरकोळ वाक्यावर, “दोर सोड, राइका,” यावर, तो आवाज किंचित नाकात गेला, शेवटी खाली उतरला, आणि हेमलताच्या तोंडून राइकाचं उत्तर विचार करायच्या आत निघून गेलं. बारा वर्षं निघायचं तसंच.

तिने हेडफोन काढून ठेवले. बाहेर जाऊन बेसिनवर तोंड धुतलं, पदराने पुसलं, आणि परत येऊन बसली.

“पुढचं वाक्य घ्या,” ती म्हणाली.

त्यानंतरच्या आठवड्यात तन्वीरने यंत्राचा आणखी एक भाग सुरू केला. सरावासाठी म्हणून. लिहिलेली वाक्यं नसतानाही ते बोलू शकायचं. हेमलताने माइकसमोर बसून विचारलं, “काय गं, काय केलंस आज?”

“अगं हेमा, काही विचारू नको,” आवाज म्हणाला, आणि बसमधल्या एका बाईची हकिगत सुरू झाली. तिने म्हणे कोंबडीलाही तिकीट काढायला लावलं होतं कंडक्टरला. हेमलता हसली. मग म्हणाली, “हं.” आवाज पुढे निघाला.

तन्वीर दारात उभा होता. “हे सगळं रचलेलं आहे, हेमाताई. अशी बस नाही, अशी बाई नाही. तुम्हाला कशा प्रकारची गोष्ट ऐकताना बरं वाटतं, तेवढंच त्याला कळतं.”

“माहीत आहे मला,” ती म्हणाली.

माहीत होतं, तरी ती रोज अकराला जाऊ लागली. काम असो नसो. तन्वीरला आपल्या प्रयोगासाठी ते हवंच होतं, आणि वडणगेकर काही बोलले नाहीत. तासभर ऐकायचं, हं म्हणायचं, घरी यायचं. घरी आल्यावर पूर्वी निदान स्वयंपाक करताना ती राइकाची वाक्यं घोकायची. आता तेही बंद झालं. स्टुडिओबाहेर तिला बोलायचीच गरज वाटेना. रविवारी स्टुडिओ बंद असायचा. त्या दिवशी ती टीव्हीचा आवाज बंद करून नुसती चित्रं बघत बसायची. स्नेहल हळदीकुंकवाचं सांगायला आली, तिने दोनदा बेल वाजवली. हेमलता आतल्या खोलीत उभी राहिली आणि ती जाईपर्यंत हलली नाही. शेजारणीला काय उत्तर द्यायचं, ते तिला आठवेना.

शेवटच्या भागाची तालीम सुरू झाली, तेव्हा पहिली अडचण आली.

शेवटच्या भागात शिझुना पुरात वाहून दूरच्या काठाला लागते. राइकाला नाव घेऊन एकटीने धुक्यातून जायचं असतं. आयुष्यात पहिल्यांदा ती वल्हं थांबवते, पाण्याकडे कान देते, आणि काठावरून शिझुना देत असलेल्या हाका ऐकते. संपूर्ण मालिका त्या क्षणाकडे येत होती.

हेमलताने तो प्रसंग सात वेळा केला. सातही वेळा वडणगेकरांनी मान हलवली.

“हेमाबाई, इथे राइका बदलते. तिच्यात शिझुना येते. तुमची राइका अजून पहिल्या वर्षासारखीच भांडतेय.”

“पुन्हा करते.”

“करा. पण आवाज उतरत नाही तुमचा. तिची हाक आली की तुम्ही पेटता.”

तन्वीर काही वेळ पडद्यावरच्या रेषा बघत राहिला. मग जरा ओशाळून म्हणाला, “सर, त्यात ताईंची चूक नाही. यंत्राचं कामच ते आहे. ताईंनी पूर्वीसारखं उत्तर द्यावं म्हणूनच ते त्यांना हाक मारतं. त्यांनी वेगळं उत्तर दिलं, तर ते त्याला आपली चूक समजतं आणि दुरुस्त करतं.”

हेमलताने पाण्याचा घोट घेतला आणि आठव्यांदा तो प्रसंग केला. तसाच झाला.

दुसऱ्या दिवशी उत्तराची मुलगी केतकी आली. सांगलीला एका दवाखान्यात ती फिजिओथेरपिस्ट होती, सव्वीस-सत्तावीसची. आईच्या स्टुडिओतल्या कपाटातल्या वस्तू न्यायला आली होती. शाल, जेवणाचा डबा, खडीसाखरेची डबी. हेमलता तिला दोन-तीनदाच भेटली होती, आणि शेवटची भेट स्मशानातली. केतकी पिशवी भरून निघाली, आणि स्टुडिओच्या अर्धवट उघड्या दारातून तिला हेमलताचं “हं” ऐकू आलं, आणि स्पीकरवरून त्याच्यापुढचं बोलणंही.

ती आत येऊन उभी राहिली. तन्वीर गडबडून उठला, त्याने तिला बसवलं आणि काहीही न लपवता सगळं सांगितलं. केतकीने शांतपणे ऐकून घेतलं. मग पाच मिनिटं तो आवाजही ऐकला.

“कोण आहे ही?” तिने विचारलं.

हेमलताला वाटलं, मुलीला धक्का बसलाय. ती हळूच म्हणाली, “तुझी आई, केतकी. म्हणजे, तिच्यासारखी.”

“नाही मावशी. आवाज जरासा आहे तसा. पण आई एवढं बोलायची नाही.”

“उत्तरा?”

“घरी तर कधीच नाही. आई गप्प असायची. सगळं मीच बोलायचे. शाळेतून आले की ओट्यावर बसून तासभर. ती भाकरी थापत ऐकायची. बाबा गेल्यावर तर घरात फक्त माझाच आवाज असायचा.” केतकी थांबली. “माझ्या मैत्रिणींना वाटायचं, तिला मी आवडत नाही. इतकी ती गप्प.”

बारा वर्षं जिच्या बडबडीत हेमलता बसली होती, ती बाई घरी जाऊन गप्प बसत होती, हे तिच्या कधी कानावर आलं नव्हतं. तिने विचारलंच नव्हतं.

केतकी तन्वीरकडे वळली. “हे माझ्या आवाजावरून होईल? चार वर्षं हॉस्टेलला होते, तेव्हा आम्ही रोज फोनवर बोलायचो. माझा फोन सगळे कॉल नोंदवून ठेवायचा. आईची बाजू काढून टाका. माझी वापरा.”

“चार वर्षांचे कॉल?” तन्वीर म्हणाला. “थोडं कच्चं होईल. पण होईल.”

दहा दिवसांनी केतकी रजा काढून आली आणि तीन दिवस हेमलताच्याच खुर्चीत बसली. हेमलता काचेपलीकडे. तिसऱ्या दिवशी जेवणानंतर केतकी दवाखान्यातल्या एका हट्टी आजोबांबद्दल सांगत होती. भरभर, हातवारे करत, अगदी स्टुडिओतल्या उत्तरासारखी. यंत्र बराच वेळ काहीच बोललं नाही. तन्वीर पुढे वाकून काहीतरी तपासायला लागला. आणि मग स्पीकरमधून आलं,

“हं.”

केतकीचं बोलणं तुटलं. तिने दोन्ही हातांनी हेडफोन कानांवर दाबून धरले.

“मग?” आवाज म्हणाला. आणि पुन्हा गप्प झाला.

काचेपलीकडे हेमलता उठून उभी राहिली होती. तो हं तिच्या ओळखीचा होता. आधी थोडा श्वास, मग ओठ मिटलेलेच, शेवटी किंचित वर जाणारा. तो उत्तराचा नव्हता. तो तिचा स्वतःचा होता. रोज संध्याकाळी उत्तरा बसने घरी जायची, आणि हेमलताकडून दिवसभर घेतलेला तो हं लेकीला द्यायची.

केतकी बाहेर आली तेव्हा तिचे डोळे लाल झाले होते, पण ती रडत नव्हती. “अशीच होती,” ती म्हणाली. “अगदी अशीच.” मग तिने तन्वीरला सांगितलं, “पुरे. मला परत नको ऐकायला. ऐकलं तर मी रोज येईन.”

हेमलताने मान खाली घातली.

दुसऱ्या दिवशी तिने वडणगेकरांना सांगितलं, सही करणार नाही. उरलेले भाग कुणा नव्या बाईबरोबर करीन.

वडणगेकरांनी वाहिनीला कळवलं. वाहिनीचं उत्तर दोन दिवसांत आलं. एकच आवाज बदलला तर लोकांना खुपेल, तेव्हा बदलायचं तर जोडीनेच बदला. उरलेल्या सहा भागांसाठी दोन नव्या मुली मुंबईहून येतील. वडणगेकर हे सांगताना खिडकीबाहेर बघत होते. हेमलता म्हणाली, “बरं.” बारा वर्षांचं काम त्या शब्दावर संपलं.

निघताना तन्वीर जिन्यापर्यंत आला. “मी सगळं पुसून टाकतोय, हेमाताई. त्याआधी एकदा बोलायचंय?”

ती खुर्चीत बसली. “अगं हेमा,” आवाज म्हणाला, आणि नेहमीसारखी हकिगत सुरू झाली. हेमलता ऐकत राहिली. हं म्हणायची जागा आली. तिने हं म्हटलं नाही.

आवाज थोडा थांबला, मग त्याने तेच वाक्य जरा हसून म्हटलं. ती गप्प. मग जरा काळजीने. मग जरा रागाने. उत्तर मिळेना तसा तो भराभर बदलायला लागला. नाकातला सूर गेला. शेवटी खाली उतरणं गेलं. कधी तो म्हातारीचा झाला, कधी कुणा परक्या मुलीचा, आणि दर वेळी “हेमा?” असं विचारत तो तिच्या उत्तराची वाट बघायचा. शेवटी पहिल्या दिवसाचा तो स्वच्छ, रिकामा आवाज उरला. त्यानेही विचारलं, “हेमा?”

हेमलताने हेडफोन टेबलावर ठेवले, तन्वीरला मानेनेच निरोप दिला आणि जिना उतरली.

त्यानंतरचे दोन महिने तिला फार जड गेले. दिवस सरता सरत नव्हते. अकरा वाजले की पाय चपला शोधायचे. एकदा ती राजारामपुरीपर्यंत जाऊन परत आली. फोन कुणाचाच यायचा नाही, कारण तिने कधी कुणाला केलाच नव्हता. दोन-दोन दिवस तोंडातून शब्द निघायचा नाही, आणि मग किराणा दुकानात बोलताना आवाज चिरकायचा.

शेवटी एका रविवारी सकाळी ती सांगलीच्या बसमध्ये बसली. केतकीला कळवलं नव्हतं. कसं कळवायचं याची वाक्यं जुळवण्यातच शनिवार गेला होता.

केतकीने दार उघडलं, चकित झाली, आत घेतलं. चहा झाला. उत्तराच्या फोटोखाली दोघी बसल्या. केतकीने दवाखान्याचं काहीतरी सांगायला सुरुवात केली. सांगता सांगता हेमलताच्या तोंडाकडे बघितलं आणि थांबली. ती कशाची वाट बघतेय, ते हेमलताला कळलं. ओठांशी आलेला हं तिने मागे घेतला. तेवढं दिलं असतं, तर दुपार अगदी छान गेली असती.

त्याऐवजी ती म्हणाली, “मी चोविसाव्या वर्षी सासरहून निघाले. बार्शीहून. हे मी तुझ्या आईलाही कधी सांगितलं नाही.”

हेमलता पुढे सांगत गेली. तिला सांगता येत नव्हतं. गोष्ट मधेच तुटायची, आधीचं राहून गेलेलं मागून यायचं. केतकीलाही ऐकता येत नव्हतं. ती मधेच बोलायची, भलतंच विचारायची, पुन्हा माफी मागायची. दोघींचं बोलणं सारखं एकमेकींवर आदळत होतं.

“पण मग नवरा न्यायला आला होता ना,” केतकी म्हणाली, “तेव्हा गेला का नाहीत?”

उत्तराने हे विचारलं नसतं. तिने तोपर्यंत स्वतःचंच काही सांगायला घेतलं असतं. हेमलताजवळ उत्तर तयार नव्हतं. खाली रस्त्यावरून एक रिक्षा गेली, कुणीतरी कुणाला हाक मारली. केतकी थांबली होती. तिचा पाय अस्वस्थपणे हलत होता, पण ती थांबली होती.

“तो आला,” हेमलता म्हणाली, “आणि अंगणात उभा राहून एक शब्द बोलला नाही. मीही बोलले नाही. माझे वडील त्याच्यासाठी पाणी आणायला आत गेले, तेवढ्यात तो गेला.”

“म्हणजे तुम्हाला जायचं होतं?”

“हो,” हेमलता म्हणाली. इतक्या वर्षांत तिने हे स्वतःलाही सांगितलं नव्हतं.